अनवाणी पायांपासून घड्याळापर्यंत : शकीराच्या गीतरचनेचा भाषिक प्रवास

मराठी समीक्षेने गीताला नेहमीच ओसरीवर बसवले. ग. दि. माडगूळकर किंवा शान्ता शेळके यांच्या गीतांवर आपण प्रेम पुष्कळ केले. परंतु स्वतंत्र संहिता म्हणून त्या गीतांची चिकित्सा त्या मानाने थोडीच झाली. चाल, आवाज आणि श्रोत्याची आठवण यांच्या आधारावर उभे असलेले शब्द कागदावर आणले की ते पांगळे वाटतात, ही आपली जुनी तक्रार. 2016 साली बॉब डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा हा वाद जगभर पुन्हा झडला, आणि निकाल न लागताच विरला. प्रस्तुत निबंधात मी तो वाद सोडवू पाहत नाही. एका गीतकर्तीच्या तीस वर्षांच्या रचनेतून भाषांतराचा, स्वभाषेत लिहिण्याचा आणि स्वभाषा सोडण्याचा जो प्रश्न उभा राहतो तो मला आपल्या अभ्यासकांसमोर ठेवावयाचा आहे. ही गीतकर्ती म्हणजे कोलंबियाची शकीरा.

निवड काहींना खटकेल. भारतात शकीरा आली ती शब्दांवाचून. 2006 सालच्या 'हिप्स डोन्ट लाय' या गाण्याने तिचे नाव आपल्याकडे घरोघरी पोचले. त्याच वर्षी एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात तिने हे गाणे हिंदी चित्रपटाच्या धर्तीवर सादर केले, तेव्हा नृत्यदिग्दर्शन फराह खान यांचे होते. मार्च 2007 मध्ये तिचा मुंबईत कार्यक्रम झाला. 2010 च्या फुटबॉल विश्वचषकाचे 'वाका वाका' तर आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत पोचले. कॅमेरूनच्या 'गोल्डन साउंड्स' या वाद्यवृंदाच्या 1986 सालच्या 'झांगालेवा' या गाण्यावर ते बेतलेले आहे हे नाचणाऱ्या मुलांना कुणी सांगितले असेल असे वाटत नाही. या साऱ्यात जे पोचले ते शरीर आणि ताल. ज्या शब्दांमुळे स्पॅनिश भाषक जगात ती आधी ओळखली गेली, ते शब्द आपल्या कानावर आलेच नाहीत. माझे स्पॅनिश वाचण्यापुरतेच आहे. परंतु या विद्यापीठात अभ्यागत म्हणून आल्यावर स्पॅनिश शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या संगतीने ही गीते ओळीओळीने वाचता आली, आणि माझा पूर्वीचा समज बराचसा बदलला.

बार्रान्किया हे तिचे गाव. मॅग्दालेना नदी कॅरिबियन समुद्राला मिळते तेथील हे बंदर. जन्म 2 फेब्रुवारी 1977 चा. वडिलांचे घराणे मूळचे लेबनीज, आईकडून वारसा स्पॅनिश. ऑटोमन साम्राज्याच्या कागदपत्रांवर आलेल्या अरब स्थलांतरितांना त्या किनाऱ्यावर सरसकट 'तुर्क' म्हणत. गाब्रिएल गार्सिया मार्केझच्या वाचकांना हे लोक परके नाहीत; 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड'मधला सान्तियागो नासार त्यांच्यातलाच. स्वतः मार्केझ 1950 पासून काही काळ बार्रान्कियाच्या 'एल एराल्दो' या दैनिकात स्तंभलेखन करीत होता. पुढे 1999 साली याच मार्केझने 'काम्बियो' या साप्ताहिकात शकीरावर एक दीर्घ व्यक्तिचित्र लिहिले. त्यात तिच्या सौंदर्यापेक्षा तिच्या कष्टांवर, विमानतळ ते विमानतळ चाललेल्या दिनक्रमावर आणि बारीकसारीक गोष्टींवरच्या तिच्या हुकमतीवर त्याचे लक्ष आहे. एका कसबी कारागिराने दुसऱ्याचे काम पाहावे तसे ते पाहणे आहे.

आपल्याकडे देशीवादाच्या चर्चेत 'देशी' म्हणजे मातीत खोल रुजलेले, एकजिनसी असे काहीतरी गृहीत धरले जाते. बंदराच्या गावी हे गृहीतक टिकत नाही. 1998 सालच्या 'ओहोस आसी' या गीतात स्पॅनिशच्या मध्येच अरबी ओळी येतात आणि बहारीनपासून बैरुतपर्यंत शोध चालतो. हे बाजारासाठी केलेले मिश्रण नव्हे, ते आजोबांच्या घरचे बोलणे आहे. बार्रान्कियाच्या कार्निव्हलमध्ये आफ्रिकी, मूळनिवासी आणि स्पॅनिश या तिन्हींचे नाच एकाच रस्त्यावर चालतात. तेथे जन्मलेल्या व्यक्तीला मिश्रण हेच देशी असते.

पहिले दोन अल्बम, 'माहिया' (1991) आणि 'पेलिग्रो' (1993), किशोरवयातले आहेत आणि ते फारसे चालले नाहीत. त्यांचा विचार येथे करण्याचे कारण नाही. खरी सुरुवात 1995 च्या 'पिएस देस्काल्सोस' म्हणजे 'अनवाणी पाय' या अल्बमपासून होते. संगीतात लुइस फेर्नान्दो ओचोआ याचा मोठा वाटा होता, शब्द प्रामुख्याने तिचे. शीर्षकगीताची रचना पाहण्याजोगी आहे. आरंभी कोणे एके काळच्या अनवाणी, निष्पाप मानवजातीची आठवण, आणि मग त्या जातीला घालून दिलेल्या नियमांची यादी : शेजाऱ्याला नमस्कार करावा, वेळेवर झोपावे, रोज राबावे, आणि बाईने तिशीच्या आत लग्न करावे. तसे न केल्यास तिच्यावर काय पाळी येते हे सांगताना गीतकर्ती स्पॅनिशमधला एक रूढ वाक्प्रचार वापरते : अविवाहित राहिलेली बाई 'संतांना कपडे घालीत बसते', म्हणजे चर्चमधल्या मूर्तींची वेशभूषा करण्यात आयुष्य काढते. स्पॅनिश श्रोत्याला येथे हसू येते आणि टोचतेही. इंग्रजीत हा वाक्प्रचार मरतो. मराठीत तो समजावून सांगावा लागेल, पण देवघरातली उपकरणी घासत राहिलेल्या आत्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना फार समजवावे लागणार नाही.

याच अल्बममधील 'से किएरे, से माता' हे कथागीत दाना नावाच्या मुलीचे आहे. ती गरोदर राहते, शेजारपाजारच्या बोलण्याच्या धाकाने गर्भपात करवून घेते आणि त्यात मरते. अठरा वर्षांच्या मुलीने लिहिलेले हे गीत धीट आहे. तरी त्याचा सूर मला किंचित उपदेशाचा वाटतो. शेवटी दोष कुणाचा, मुलीचा की शेजाऱ्यांचा, हे गीत ठरवू शकत नाही. ही संदिग्धता कलात्मक नसून वयाची आहे, असे माझे मत.

नियमांच्या यादीवरून मी पुढच्या अल्बमकडे येते, कारण यादी हाच या गीतकर्तीचा खरा रूपबंध आहे. 1998 च्या 'दोंदे एस्तान लोस लाद्रोनेस?' म्हणजे 'चोर आहेत कुठे?' या अल्बमच्या नावामागची हकीकत सर्वश्रुत आहे. बोगोता विमानतळावर तिची बॅग चोरीला गेली आणि तिच्यात नव्या गीतांचे कागद होते. नवशिक्याने या प्रसंगावर स्वतःचे दुःख गायिले असते. या गीतात चोर हळूहळू सगळीकडे दिसू लागतात : छपरांवर, न्यायालयांत, टायमध्ये आणि जीन्समध्ये, मुखपृष्ठांवर, आणि अखेरीस प्रश्न पडतो की चोर मीच असले तर? हे गीत आले तेव्हा अमली पदार्थांच्या व्यापारातला पैसा 1994 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओतला गेल्याच्या प्रकरणाने कोलंबियाचे राजकारण ढवळून निघालेले होते. गीतात त्याचा उच्चार नाही. परंतु त्या श्रोत्यांना तो लागत नव्हता. पॉप संगीताच्या साच्यात राहून बोट स्वतःकडे वळवणे ही सोपी गोष्ट नाही.

'इनेविताब्ले' हे त्याच अल्बममधील गीत मला तिच्या साऱ्या रचनेचे मध्यवर्ती गीत वाटते. पुन्हा यादी. या वेळी समाजाच्या नियमांची नव्हे, स्वतःच्या उणिवांची. प्रियकरासमोर ती कबूल करते की तिला कॉफी करता येत नाही, फुटबॉलमधले काही कळत नाही, कधीतरी आपल्या हातून प्रतारणाही झाली असावी, 'पार्केस'सुद्धा ती वाईट खेळते आणि घड्याळ कधी घालत नाही. कोलंबियन बाईने कॉफी येत नाही असे म्हणणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. 'पार्केस' हा कोलंबियात घरोघर खेळला जाणारा सोंगट्यांचा खेळ. त्याचे कूळ शोधत गेल्यास आपल्या पचिसीपाशी पोचता येते. या उणिवा एवढ्या क्षुल्लक आहेत आणि मध्येच प्रतारणेची कबुली एवढी सहज येऊन जाते, की श्रोता सावध होईपर्यंत ती कॉफी आणि सोंगट्यांच्या मध्ये लपून गेलेली असते. एवढी मोठी गोष्ट किरकोळ गोष्टींच्या ओळीत उभी करणे हीच येथली कला. लहानपणी दागिन्यांचा व्यवसाय असलेल्या आणि तो बुडालेला पाहिलेल्या घरातली मुलगी घड्याळ घालीत नाही, हाही तपशील मला अर्थपूर्ण वाटतो. मात्र चरित्रातून फार अर्थ काढण्याचा मोह येथे आवरते.

यानंतर 2001 साली 'लाँड्री सर्व्हिस' आला आणि भाषा बदलली. ग्लोरिया एस्तेफान या क्युबन-अमेरिकन गायिकेने तिला इंग्रजीत लिहिण्याचा धीर दिला. यमकांचे कोश घेऊन, व्हिटमन आणि लेनर्ड कोहेन वाचत आपण इंग्रजीत गीते रचावयास शिकलो, असे शकीराने मुलाखतींतून सांगितले आहे. स्पॅनिश जगातील जुन्या श्रोत्यांनी याला विकले जाणे म्हटले. इंग्रजी समीक्षकांपैकी काहींनी तिच्या प्रतिमांना हसून घेतले. दोन्ही प्रतिक्रिया मला उथळ वाटतात. प्रथम एक साधी वस्तुस्थिती : अल्बममधील तेरा गीतांपैकी चार स्पॅनिश आहेत. दुसरे म्हणजे 'व्हेनेव्हर, व्हेअरएव्हर' आणि 'सुएर्ते' ही एकाच चालीवरची दोन गीते शेजारी ठेवून वाचली तर मोठा धडा मिळतो. आपले स्तन लहान असल्याने कुणी त्यांना डोंगर समजणार नाही, या प्रतिमेची इंग्रजीत फार थट्टा झाली. ती प्रतिमा दोन्ही भाषांत आहे. स्पॅनिशमध्ये अतिशयोक्ती उलटी करून स्वतःवर हसण्याची जी जुनी रीत आहे तिच्यात ती चपखल बसते. इंग्रजीत तेच शब्द भाषा न येणाऱ्याची चूक म्हणून वाचले गेले. म्हणजे प्रतिमा तीच राहिली, बदलला तो वाचकाचा विश्वास. ज्या लेखकाला आपण त्या भाषेचा मानतो त्याची विक्षिप्तता शैली ठरते. ज्याला मानत नाही त्याची चूक. इंग्रजी 'जेजुरी' लिहिणाऱ्या अरुण कोलटकरांना किंवा मराठी आणि इंग्रजी या दोन्हींत कादंबरी लिहिणाऱ्या किरण नगरकरांना वाचताना आपणही हा न्याय नकळत लावतो.

आणखी एक बारकावा. प्रियकराच्या अंगावरचे तीळ मोजण्यासाठी अँडीज चढून जाण्याची भाषा या गीतात आहे. स्पॅनिशमध्ये तिळाला 'लुनार' म्हणतात, आणि त्या शब्दात चंद्र दडलेला आहे. इंग्रजीत तिळांच्या जागी गोऱ्या कातडीवरचे उन्हाचे डाग येतात. शब्द बदलला तसे शरीरही बदलले : सावळ्या अंगावरचा चंद्र गेला आणि उत्तरेकडचे ऊन आले. आणि अँडीजचे तरी काय? बार्रान्किया समुद्रकाठी आहे. डोंगराळ प्रदेशाच्या बासऱ्या आणि तंतुवाद्ये या गाण्यात वाजतात ती तिच्या गावची नव्हेत. बाहेरच्या श्रोत्यासाठी 'लॅटिन' म्हणून जे काही ओळखू येते त्याची ती पोतडी आहे. टीका करावयाची तर येथे करावी. इंग्रजी स्वीकारण्यात दोष नव्हता, स्वतःचे गाव सोडून सर्वांना चालेल असा खंडप्राय भूगोल धारण करण्यात होता.

2005 मध्ये तिने एकाच वर्षात दोन अल्बम दिले, आधी स्पॅनिश 'फिहासिओन ओराल' आणि मग इंग्रजी. ही दोन भाषांतील भाषांतरे नव्हेत, बहुतांशी स्वतंत्र गीते आहेत, आणि यात मला शहाणपण दिसते. 2007 साली मार्केझच्या 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा'वर चित्रपट निघाला. तो इंग्रजीत बोलतो. परंतु त्यासाठी शकीराने केलेली गीते स्पॅनिश आहेत. कादंबरीचे संवाद भाषांतरात गेले, तिची मूळ भाषा उरली ती गाण्यांपुरती. त्यांपैकी 'देस्पेदिदा' या निरोपगीताला गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले. पुढच्या दशकाबद्दल लिहिण्याजोगे माझ्यापाशी थोडे आहे. 2009 च्या 'लोबा'चे स्पॅनिश शब्द करताना उरुग्वेचा गीतकार होर्हे द्रेक्सलर याची मदत घ्यावी लागली, ही घटना मात्र नोंदवावी. इंग्रजी आधी आणि स्पॅनिश मागाहून, अशी उलट वाट झाली होती. निर्मात्यांची नावे वाढत गेली, आणि उणिवांची यादी करणारा तो 'मी' नाच-गाण्यांच्या गर्दीत दिसेनासा झाला. जानेवारी 2021 मध्ये तिने आपल्या 145 गीतांचे प्रकाशन-हक्क 'हिप्नोसिस' या गुंतवणूक कंपनीला विकले. कॉफी, सोंगट्या आणि घड्याळ यांची ती कबुलीही, कायद्याच्या दृष्टीने, आता एक मालमत्ता झाली.

मग जानेवारी 2023. फुटबॉलपटू जेरार्ड पिके याच्याशी असलेले नाते तुटल्यानंतर अर्जेंटिनाचा निर्माता बिसाराप याच्याबरोबर केलेले गीत. फुटबॉल कळत नाही म्हणणारी बाई फुटबॉलपटूविरुद्ध गात होती, हा नियतीचा विनोद सोडून देऊ. अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की हे गीत जगभर गाजले ते स्पॅनिशमध्येच. इंग्रजी जुळे भावंड त्याला केलेले नाही आणि ते करताही येणार नव्हते. कारण त्याचा जीव शब्दभंगात आहे. शिंतोडे उडण्यासाठीचे एक क्रियापद मध्येच तोडले की त्यातून पिकेचे आडनाव बाहेर पडते. 'स्पष्टपणे' या अर्थाचे क्रियाविशेषण तोडले की दुसऱ्या बाईचे नाव ऐकू येते. आपल्या काव्यशास्त्रात याला सभंग श्लेष म्हणतात आणि मोरोपंतांच्या वाचकाला त्याची सवय आहे. बावीस वर्षांपूर्वी बाहेरच्यांसाठी स्वतःचे भाषांतर करणारी गीतकर्ती आता, ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने स्पॅनिश शिकावे, या पवित्र्यात उभी आहे. त्याच वर्षी या गीताला लॅटिन ग्रॅमीचा 'साँग ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला. त्यातल्याच एका ओळीवरून पुढचा अल्बम 'लास मुहेरेस या नो योरान', म्हणजे 'बायका आता रडत नाहीत', 2024 मध्ये आला आणि 2025 मध्ये त्याला ग्रॅमीही मिळाले.

तरीही माझे समाधान होत नाही. या गीतातही यादी आहे. प्रियकराने फेरारी देऊन ट्विंगो घेतली, रोलेक्स देऊन कॅसिओ घेतले. 1998 ची बाई घड्याळ घालीत नव्हती. 2023 ची बाई स्वतःच घड्याळ झाली आहे, महागडे. आणि दुसरी बाई स्वस्तातले. उणिवांची यादी होती तेथे दरपत्रक आले. चोर मीच असले तर, हा प्रश्न विचारणारी शंका या गीतात कोठेही नाही. श्लेषाचे कसब पूर्वीपेक्षा वरचढ आहे, हे मान्य. पण बाईला वस्तूंच्या किमतीने मोजण्याची जी रीत पहिल्या यादीतल्या शेजाऱ्यांची होती, तीच आता गीतकर्तीच्या तोंडी आली, हे मला नजरेआड करता येत नाही.

हे मत मी येथील वर्गात मांडले तेव्हा ईशान्येकडून आलेल्या एका विद्यार्थिनीने विरोध केला. तिचे म्हणणे असे की कबुली देणे हे बाईकडून नेहमीच अपेक्षित असते, आणि ते गोड मानून घेण्याची सवय आम्हा प्राध्यापकांना आहे. सेहेचाळिसाव्या वर्षीही तिने आपल्याला कॉफी करता येत नाही हेच सांगत का राहावे? लावणीचा दाखला मीच तिला दिला होता : तिथे शृंगार बाईच्या तोंडचा, पण बहुधा शाहिराच्या लेखणीतला; शकीरा आपले शब्द आपणच लिहिते. तिने तो दाखला माझ्यावरच उलटवला. शब्द तिचे असतील तर उद्धटपणाही तिचाच असू द्या, त्याला शाहिराची शिस्त का लावता, असे तिने विचारले. मला याचे पुरते उत्तर देता आले नाही. दरपत्रकाविषयीचा माझा आक्षेप मी मागे घेत नाही. मात्र 'इनेविताब्ले' मला आवडते त्यात त्या नम्रतेचा वाटा किती आणि रचनेचा किती, हे तेव्हापासून मी पुन्हा तपासते आहे.

त्या तासाचा उरलेला वेळ आम्ही त्या क्रियाविशेषणाला मराठी पर्याय शोधण्यात घालवला. स्पॅनिशमधला तो प्रत्यय मुळात लॅटिनमधल्या 'मन' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, हे एका विद्यार्थ्याने कोशात पाहून सांगितले. मग कुणी 'विमलमनाने' सुचवले, कुणी 'निर्मलपणे'. विमल, निर्मला ही नावे आपल्याकडे घरोघरी आहेत, तेव्हा श्लेष साधत होता. परंतु ती मराठी नावे एका पिढीपूर्वीची आहेत, आणि गाण्यातली दुसरी बाई तर तरुण आहे, असे एकीने म्हटल्यावर फळ्यावरचे दोन्ही शब्द पुसावे लागले.